पन्नाशीच्या तोंडावर आलेला फोन : लिझ स्मिथची केस

लिझ स्मिथ हे नाव घेतलं तर आपल्याकडे फारसं कोणाला काही आठवणार नाही. पण 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी' बघितला असेल, म्हणजे २००५ चा, टिम बर्टनचा, जॉनी डेपवाला, तर त्यात एकाच पलंगावर दाटीवाटीने पडून असलेली चार म्हातारी माणसं आठवत असतील, आणि त्यातली एक आजी, जी सगळे गंभीर झालेले असताना मध्येच मला द्राक्षं आवडतात असं काहीतरी भलतंच बोलून जाते. ती लिझ स्मिथ. सिनेमा आला तेव्हा बाई ८३ वर्षांच्या होत्या. आता ८३ व्या वर्षी एवढ्या मोठ्या सिनेमात दिसणाऱ्या नटीबद्दल आपण काय धरून चालतो, की तरुणपणी नायिका असणार, मग वहिनी, मग आई, मग आजी असं पायरीपायरीने झालं असणार. इथं तसलं काहीच नाही. तिचा पहिला सिनेमा १९७१ चा आणि जन्म डिसेंबर १९२१ चा, करा हिशोब.

तर केस अशी आहे की एका बाईला पन्नाशीपर्यंत पडद्यावर कोणी उभं केलं नाही आणि त्यानंतर २००९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं, तिचं काम थांबलं नाही. बाई तीच, चेहरा तोच. मग आधी का नाही आणि नंतर का. 'टॅलेंट होतंच, नशीब उघडलं' हे उत्तर सगळीकडे मिळतं आणि ऐकायला गोड आहे, पण मला ते पटत नाही, कारण त्यात मधल्या वीस-बावीस वर्षांचं काय झालं हे कोणी सांगतच नाही, डायरेक्ट दिग्दर्शकाचा फोन वाजतो.

आधीचं थोडक्यात. जन्म स्कनथॉर्पचा, लिंकनशरमधलं पोलादाच्या कारखान्यांचं गाव. खरं नाव बेट्टी ग्लीडल. ती दोन वर्षांची असताना आई बाळंतपणात गेली, आणि सात वर्षांची असताना बाप सोडून गेला, तो गेलाच. विधवा आजीने वाढवलं. पुढे जन्मभर आज्याच करायच्या होत्या त्या बाईला आजी जवळून बघायला मिळाली एवढं म्हणून मी इथं थांबतो, कारण यावरून लोक फार पुढे जातात आणि बालपणीच्या दुःखातून कलाकार घडला वगैरे सुरू करतात. अनाथपणातून शेकड्यांनी माणसं गेली त्या काळात, सगळी काही नट झाली नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात ती रेन्समध्ये होती, म्हणजे ब्रिटिश नौदलाची बायकांची शाखा, आणि त्यात तिचं पोस्टिंग भारतातही झालं. नवरा तिला इथंच भेटला, जॅक थॉमस. युद्ध संपता संपता लग्न, मग लंडन, दोन मुलं. आणि १९५९ ला घटस्फोट.

१९५९ ची ब्रिटिश घटस्फोटित बाई म्हणजे आज आपल्या डोळ्यापुढे येते तशी नाही हां. 'गोरे लोक, त्यांच्यात चालतं' असं आपल्याला वाटतं, पण तेव्हा तिथला कायदासुद्धा कोणाचा तरी दोष सिद्ध करा मगच घटस्फोट देतो असाच होता, आपसात पटत नाही म्हणून वेगळं होण्याचा रस्ता तिकडे सत्तरचं दशक उजाडल्यावर मोकळा झाला. तिचं वय सदतीस-अडतीस, दोन मुलं, मागे माहेर नाही. मिळेल ते काम केलं, कारखान्यात, दुकानात, रोजचं भागवायचं एवढाच हिशोब. उन्हाळ्यात बटलिन्सच्या कॅम्पात कार्यक्रम करायची. बटलिन्स म्हणजे समुद्रकाठचे सुट्टीचे कॅम्प, कामगार कुटुंबं आठवडाभर राहायला येतात, जेवण तिथंच, रात्री करमणूक, आणि प्रेक्षक असा की आवडलं नाही तर उठून जाणार कारण बाहेर बार उघडा आहे.

आणि याच काळात ती संध्याकाळी एका ग्रुपमध्ये जायची. माझ्या मते केसचा पहिला धागा हा आहे. चार्ल्स मारोविट्झ नावाचा एक अमेरिकन दिग्दर्शक लंडनमध्ये आला होता, मेथड ॲक्टिंग (पात्र आतून जगून केलेला अभिनय) आणि इम्प्रोव्हायझेशन (आयत्या वेळी सुचून बोलणं) घेऊन. हाच माणूस पुढे १९६४ ला पीटर ब्रूकबरोबर रॉयल शेक्सपिअर कंपनीत तो गाजलेला 'थिएटर ऑफ क्रुएल्टी'चा सीझन करतो. ब्रिटिश नाटकवाल्यांना तेव्हा हे सगळं जरा परकंच होतं, त्यांचा भर आवाज, उच्चार, पाठांतर, स्टेजवर कुठून कुठे चालायचं यावर, आणि हा सांगतोय की स्क्रिप्ट बाजूला ठेवा, हा माणूस आहे, ही परिस्थिती आहे, आता बोला. लिझ त्याच्याकडे काही वर्षं हे करत राहिली. दिवसा नोकरी, घरी पोरं, आणि संध्याकाळी जाऊन दुसऱ्याच कोणाचं तरी आयुष्य जगून बघायचं, तेही फुकट, कारण यातून काम मिळत नव्हतं.

काम का मिळत नव्हतं, तर आत जायचा रस्ताच तिच्यासारखीसाठी नव्हता. तेव्हाचा ब्रिटिश नट तयार कसा व्हायचा बघा. अठरा-वीसच्या वयात RADA, म्हणजे लंडनची रॉयल ॲकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट, तिच्यासारखी ड्रामा स्कूल, नाहीतर सरळ रेपर्टरीत घुसायचं. रेपर्टरी म्हणजे गावोगावची कायमची नाटक कंपनी, काही ठिकाणी तर दर आठवड्याला नवीन नाटक, सकाळी पुढच्या आठवड्याची तालीम, रात्री या आठवड्याचा प्रयोग. तिथं झाडू मारण्यापासून सुरुवात करून माणूस वर यायचा. वर इक्विटीचं कार्ड, म्हणजे युनियनची मेंबरशिप, ती असल्याशिवाय काम नाही आणि काम असल्याशिवाय ती नाही, यावर तिकडच्या नटांनी जन्मभर विनोद केलेत. आता दोन लहान मुलांची एकटी आई कुठल्यातरी लांबच्या गावात सहा महिने भाड्याच्या खोलीत राहून हे कसं करणार?

अजून एक गोष्ट, जी प्रेरणादायी लेखांमध्ये कधी येत नाही. वय झालेल्या नट्यांची ब्रिटनमध्ये कधीच टंचाई नव्हती. उलट होती ती रांग. वीस-तीस वर्षं रेपर्टरीत घासलेल्या, कुठलीही आई, कुठलीही मोलकरीण, कुठलीही खाष्ट शेजारीण दोन दिवसांत उभी करतील अशा बायका कामाची वाट बघत बसलेल्या. निर्मात्याने अशा बाईला सोडून कुठल्यातरी दुकानात काम करणाऱ्या बाईला का बोलवावं, काहीच कारण नाही.

एक जण सोडून.

दिग्दर्शक माइक ली तेव्हा तिशीच्या आतला, पहिला सिनेमा करायला निघालेला. 'ब्लीक मोमेंट्स'. पैसा नटवर्य अल्बर्ट फिनीच्या कंपनीने लावला आणि तोही फार नाही, साधारण साडेअठरा हजार पौंड, म्हणजे त्या काळातही सिनेमासाठी किरकोळच. मूळ हे नाटक होतं, ते झालं ओपन स्पेस थिएटरमध्ये, आणि ओपन स्पेस सुरू कोणी केलं होतं तर थेल्मा होल्टबरोबर याच चार्ल्स मारोविट्झने. लंडनचं हे प्रायोगिक वर्तुळ किती लहान होतं ते यावरून कळतं, सगळे सगळ्यांना ओळखणार.

लीची पद्धत आता सगळ्यांना माहीत आहे पण तेव्हा वेडेपणा होता. स्क्रिप्ट नाही. प्रत्येक नटाबरोबर एकट्याने बसायचं, तुझ्या ओळखीतली माणसं सांग, त्यातलं एक धरायचं, त्याचा जन्म, शाळा, नोकरी, तो चहा कसा पितो, पगार किती, हे सगळं दोघांनी मिळून बांधायचं. मग अशी बांधलेली माणसं एका खोलीत सोडायची आणि काय होतं बघायचं. आठवडेच्या आठवडे हे चालणार आणि त्यातून शेवटी सीन पक्का होणार. या कामाला त्याला मध्यमवयीन बाई हवी होती, आणि ती आयत्या वेळी सुचून बोलणारी हवी होती.

आता ती रांग परत डोळ्यापुढे आणा. रेपर्टरीतल्या बायकांचा जो मोठा गुण, की संवाद हातात पडले की परवा तयार, तो इथं कामाचाच नाही, कारण संवादच नाहीत. त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय झालेला, इथं कॅमेरा हातभर अंतरावर. आणि त्यांनी आयुष्यात बघितलेली माणसं कोण, तर बहुतेक नाटकवालेच. लिझने दहा-अकरा वर्षं कारखान्यातल्या, काउंटरवरच्या, बसमधल्या बायका बघितलेल्या, त्यांच्यातलीच एक होऊन, आणि वर मारोविट्झकडे नेमका हाच व्यायाम केलेला. ब्रिटनमध्ये अशा किती बायका असतील, पन्नाशीच्या आसपासच्या, नोकरी करणाऱ्या, आणि तरी इम्प्रोव्हायझेशनचं पद्धतशीर शिक्षण झालेल्या? एका हाताच्या बोटांवर मोजाव्या लागल्या असत्या.

फोन आला तेव्हा ती हॅम्लेजमध्ये खेळणी विकत होती, रीजंट स्ट्रीटवरचं ते प्रसिद्ध दुकान, १९७० चा ख्रिसमस, म्हणजे गर्दीने जीव नकोसा झालेला असणार. हा प्रसंग तिच्यावरच्या प्रत्येक लेखात असतो, सिंड्रेलाच्या गोष्टीसारखा सांगतात. पण फोन करणाऱ्याला हवी असलेली विद्या फोन येण्याच्या आधी दहा वर्षं शिकून झालेली होती, ती शिकताना पुढे असा कोणी दिग्दर्शक निघेल हे कोणालाच माहीत नव्हतं. नशीब आहेच यात, मी नाही म्हणत नाही. पण तिने त्या संध्याकाळच्या ग्रुपला जाणं सोडलं असतं, आणि सोडायला हजार कारणं होती, तर फोन दुसऱ्या कोणालातरी गेला असता किंवा कोणालाच नसता.

'ब्लीक मोमेंट्स'मध्ये तिचं काम लहान आहे, नायिकेच्या ऑफिसातली मैत्रीण पॅट, तिची आई. खरी परीक्षा दोन वर्षांनी. मार्च १९७३ ला बीबीसीवर 'प्ले फॉर टुडे' मालिकेत लीचाच 'हार्ड लेबर' दाखवला गेला आणि त्यात लिझ मुख्य भूमिकेत. मिसेस थॉर्नली. सॅल्फर्डमधली कॅथलिक बाई, लोकांच्या घरची साफसफाई करते, स्वतःच्या घरची पण करते, नवरा रात्रपाळीचा वॉचमन, घरी आला की गुरगुरणार. पूर्ण फिल्मभर बाई जवळपास बोलतच नाही. म्हणजे पहिला लीड रोल, तोही एक्कावन्नाव्या वर्षी, आणि संवाद जवळजवळ नाहीत, आपल्याकडची एखादी नटी रडली असती.

यातले दोन प्रसंग सांगतो. एकात ती नवऱ्याच्या केसाळ अंगाला मलम चोळून देते. बस एवढंच. कॅमेरा हलत नाही. नवरा आपला दुखतंय, इथं, जरा खाली, असं करत बसलाय आणि ती चोळतेय, आणि तिच्या चेहऱ्यावर ना किळस ना प्रेम, भांडी घासताना जो चेहरा असतो तो. मला वाटतं कुठल्याही शिकलेल्या नटीने इथं काहीतरी 'केलं' असतं, एक उसासा, एक नजर, प्रेक्षकाला कळावं म्हणून. ही काही करत नाही आणि म्हणून बघवत नाही. दुसरा प्रसंग चर्चमधला, कन्फेशनचा. ती पाद्र्याला सांगते की माझं लोकांवर पुरेसं प्रेम नाही, नवऱ्यावर नाही, मुलांवरही नाही. अख्खी फिल्म राबून झाल्यावर तिच्या मते पाप हे आहे. पाद्री ठरलेलं प्रायश्चित्त सांगून मोकळा.

आणि गंमत म्हणजे या छोट्याशा टीव्ही फिल्ममध्ये तिचा मुलगा कोण झालाय, तर बर्नार्ड हिल, 'टायटॅनिक'चा कॅप्टन, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला राजा थिओडेन. सून ॲलिसन स्टेडमन. आणि नसीम नावाचा टॅक्सीवाला म्हणून जो पोरगा येतो तो बेन किंग्जली, अजून 'गांधी'ला नऊ-दहा वर्षं आहेत. ही सगळी पोरं विशी-तिशीतली, करिअरच्या सुरुवातीला, आणि त्यांच्याबरोबर ही बाई पण करिअरच्या सुरुवातीलाच, फक्त वयाने त्यांच्या आईएवढी.

इथून पुढे कामं लागली, पण कसली? हे बघण्यासारखं आहे. मिसेस थॉर्नलीनंतर कोणीतरी तिच्यासाठी दुसरा लीड लिहिला असेल असं वाटलं तर तसं नाही. सत्तरच्या दशकात तिने केलं ते ज्याला आपल्याकडे कलाकार मंडळी फुटकळ कामं म्हणतात ते. 'क्राउन कोर्ट', 'एमरडेल फार्म', 'लास्ट ऑफ द समर वाइन', एकेक एपिसोड, दोन दिवसांचं काम, कधी शेजारीण, कधी साक्षीदार, कधी कोणाची तरी आई. त्यातल्या त्यात धरून राहिलं ते 'आय डिडन्ट नो यू केअर्ड', १९७५ ते ७९, यॉर्कशरमधल्या ब्रँडन कुटुंबाची कॉमेडी. कॅरेक्टर ॲक्टरचं अर्थकारण असंच चालतं. नायकाला एक काम वर्षभर पुरतं, यांना वर्षात पंधरा लागतात, आणि प्रत्येक ठिकाणी सकाळी पोचून अकरा वाजेपर्यंत एक पूर्ण माणूस उभा करून दाखवायचा, तालमीला वेळ नाही, दिग्दर्शकाचं लक्ष हिरोकडे. मात्र या धंद्यात एक सोय आहे, वय झालं म्हणून तुम्हाला कोणी काढत नाही. बरोबरीच्या नट्या चाळिशीत पोचल्या की फोन कमी होतात, हिचा फोन पन्नाशीत सुरू झाल्यामुळे तिला तो कडेलोट बघावाच लागला नाही.

मग १९८४. 'अ प्रायव्हेट फंक्शन', लेखन ॲलन बेनेट, दिग्दर्शन माल्कम मॉब्रे. काळ १९४७, युद्ध जिंकून दोन वर्षं झाली तरी ब्रिटनमध्ये रेशनिंग चालूच, मटण मोजून मिळतंय, आणि राजकन्या एलिझाबेथच्या लग्नानिमित्त यॉर्कशरच्या एका गावातले प्रतिष्ठित लोक मेजवानीसाठी चोरून एक डुक्कर पोसतायत. ते डुक्कर पायांची कुरूपं काढणारा एक गरीब बिचारा माणूस, म्हणजे मायकेल पेलिन, बायकोच्या महत्त्वाकांक्षेपायी पळवतो. बायको मॅगी स्मिथ. आणि बायकोची म्हातारी आई लिझ. मॅगी स्मिथ १९३४ ची, म्हणजे आई लेकीपेक्षा फक्त तेरा वर्षांनी मोठी! सिनेमा बघताना हे अजिबात लक्षात येत नाही, बाई बासष्ट वर्षांच्या आहेत आणि पंचाहत्तरीच्या वाटतात. जाता जाता, डुकराचं नाव सिनेमात बेट्टी आहे. सेटवर खऱ्या बेट्टीला काय वाटलं असेल देव जाणे.

या सिनेमाला ॲक्टिंगचे तीन बाफ्टा, म्हणजे ब्रिटिश सिनेमा-टीव्हीचे मानाचे पुरस्कार, मिळाले. मॅगी स्मिथला मुख्य अभिनेत्रीचा, डेनम एलियटला (इंडियाना जोन्सचा तो विसरभोळा मार्कस ब्रॉडी) सहायक अभिनेत्याचा आणि लिझला सहायक अभिनेत्रीचा. चौदा वर्षांपूर्वी खेळणी विकत होती.

बाफ्टानंतर काय बदललं? भूमिकांचा प्रकार तर बदलला नाही. त्याच म्हाताऱ्या, फक्त आता जास्त नामांकित ठिकाणच्या. 'टू पॉइंट फोर चिल्ड्रन'मध्ये तर तिला दोन सख्ख्या बहिणी एकटीने करायला लावल्या, आई पण तीच आणि मावशी पण तीच. 'द व्हिकार ऑफ डिबली'मध्ये लेटिशिया क्रॉपली, गावातली ती बाई जी सगळ्यांना प्रेमाने करून घालते आणि तिने केलेलं खाल्लं की माणसाचं काही खरं नाही, आणि नाही म्हणायची कोणाची हिंमत नाही. १९९६ च्या ईस्टर स्पेशलमध्ये हे पात्र मरतं. ब्रिटिश सिटकॉममध्ये एवढं लोकप्रिय पात्र मारणं तसं दुर्मीळच.

यावर माझं मत थोडं कडू आहे. इंडस्ट्रीने तिला दार उघडलं ते एका खोलीचं, आणि त्या खोलीवर पाटी 'म्हातारी' अशी होती. आपल्या मालिकांमध्ये आजी असते ना, देवघराच्या बाजूला बसलेली, गोड बोलायला किंवा टोमणे मारायला, तिला स्वतःचं काही नसतं, तसंच तिकडे. लिझने पंधरा-वीस वर्षं हे केलं आणि त्यातल्या प्रत्येक म्हातारीला काहीतरी स्वतःचं दिलं हे खरं, पण 'हार्ड लेबर'मध्ये जी बाई दिसली होती तिला पूर्ण वापरणारं लेखन परत यायला पंचवीस वर्षं लागली.

ते आलं १९९८ ला. 'द रॉयल फॅमिली'. रॉयल या आडनावाचं स्पेलिंग राजघराण्यापेक्षा वेगळं आहे, हे मँचेस्टरचं कामगार कुटुंब, लेखन कॅरोलाइन अहर्न आणि क्रेग कॅशचं. दिवाणखाना, सोफा, टीव्ही चालू, सिगारेटचा धूर, आणि माणसं नुसती बसलेली. मागे हसण्याचा आवाज नाही. कथानक शोधाल तर सापडणार नाही. तिकडचा उच्चार इतका जड आहे की सबटायटल लावूनच बघा, मी तर तसंच बघतो. यात घरातली आई बार्बरा, आणि तिची आई नाना (तिकडे आजीला नाना म्हणतात), म्हणजे नॉर्मा स्पीकमन, ही लिझ. जावई जिम, रिकी टॉमलिन्सन, तो तिला येता जाता घालूनपाडून बोलतो. नाना थोडी बहिरी, थोडी मतलबी, थोडी लहान मूल, आपल्याला कोणी विचारत नाही या भीतीने सतत काहीतरी विचारत राहणारी.

त्यातला एक प्रसंग ब्रिटनमध्ये लोकांना पाठ आहे. नातू अँथनीची मैत्रीण एमा घरी येणार, ती शाकाहारी. सगळं घर चिंतेत, हिला खायला काय घालायचं. शाकाहारी म्हणजे नक्की काय यावर बराच खल होतो. आणि नाना अगदी मनापासून, मदत करायच्या भावनेने लेकीला विचारते की मग तिला अगदी पातळ कापलेलं हॅम चालेल का गं बार्बरा? आपल्याकडे ज्याच्या घरचा शाकाहारी माणूस परदेशात पाहुणा म्हणून गेलाय त्याला यातलं सत्य कळेल, 'फक्त रस्सा घ्या, तुकडे बाजूला काढते'वाला प्रकार. पण मला सांगायचंय ते वाक्य ती टाकते कशी याबद्दल. विनोदी नट पंच मारण्याआधी एक क्षण थांबतात, चेहरा तयार करतात, कळतं आता येणार. ही तसलं काही करत नाही. तिच्या दृष्टीने हा व्यवहारी प्रश्न आहे, हॅम पातळ आहे म्हणजे मांस कमी आहे, मग का चालू नये. मलम चोळतानाची जी न-करण्याची कला, तीच इथं आहे, तिथं पोटात तुटतं आणि इथं हसू फुटतं. अहर्न आणि कॅश यांना दिसलं ते माइक लीला दिसलं होतं तेच असणार असं मला वाटतं.

२००६ च्या ऑक्टोबरमध्ये याचा एक स्पेशल भाग आला, 'द क्वीन ऑफ शेबा'. नाना आजारी, तिचा पलंग दिवाणखान्यातच टाकलाय, म्हणजे टीव्ही, सोफा, धूर सगळं तिथंच आणि त्याच खोलीत म्हातारी मरतेय. लेक तिचे केस करून देते तो प्रसंग आहे, दोघी साधंच बोलतायत, आणि दोघींना माहीत आहे. जिम, जो आठ वर्षं तिला टोचून बोलला, तो आता बोलायचं कसं हे न कळून घुटमळतो. लिझ ८४ वर्षांची होती. मृत्युशय्येचा सीन करताना त्या वयाच्या नटाला तो दुसऱ्या कोणाचा म्हणून करता येत नसावा, पण ती कुठेही स्वतःबद्दल करुणा गोळा करत नाही, नानाचा हट्टीपणा शेवटपर्यंत शाबूत आहे. त्या वर्षीचा सिटकॉमचा बाफ्टा या भागाला मिळाला, आणि लिझला ब्रिटिश कॉमेडी अवॉर्डही. माझ्या लेखी मिसेस थॉर्नलीनंतर तिला मिळालेली ही दुसरी पूर्ण भूमिका. चाळीस वर्षांत दोन.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. लोक म्हणतात बघा, उशीर कधीच झालेला नसतो. मी म्हणतो झाला होता ना! पंचवीस ते पन्नासमधली लिझ स्मिथ आपल्याला कुठेही बघायला मिळणार नाही, कुठलीच रीळ नाही. तिशीतली एकटी आई, चाळिशीतली चिडलेली बाई, एखादी प्रेमकथा, हे तिने कसं केलं असतं कोणाला माहीत. ती वर्षं पुढच्या कामासाठी भांडवल ठरली हे खरं, पण ती ठरली कारण एक विशिष्ट दिग्दर्शक विशिष्ट पद्धत घेऊन विशिष्ट वेळी आला. त्याच लंडनमध्ये तितक्याच चांगल्या पण पाठांतराच्या रस्त्याने गेलेल्या बायका, पोरांमुळे मध्येच सोडावं लागलेल्या, त्यांना असा कोणी भेटलाच नाही.

त्या चॉकलेट फॅक्टरीच्या पलंगावर तिच्याबरोबर जोसेफिन आजी म्हणून बसलेली आयलीन एसेल, तिचं तर अजून वेगळं. तरुणपणी नाटकात, मग सोडून वर्षानुवर्षं शिक्षिका, आणि नवरा गेल्यावर ऐंशीच्या उंबरठ्यावर परत ॲक्टिंगला. ब्रिटनमध्ये अशी माणसं निघतात त्याचं एक कारण तिथली टीव्ही आणि नाटकाची यंत्रणा इतकी मोठी आहे की लहान कामं भरपूर असतात, आणि म्हाताऱ्या माणसाचं काम खरोखर म्हाताऱ्या माणसाने करायचं हा आग्रह आहे. चाळिशीच्या नटीच्या केसांना पांढरा रंग फासून भागवत नाहीत. आपल्याकडे हे अजून बरंच व्हायचंय, असो.

शेवटची वर्षं भराभर. २००५ लाच 'वॉलेस अँड ग्रॉमिट'च्या सिनेमात मिसेस मल्चला आवाज, २००६ ला आत्मचरित्र 'अवर बेट्टी', २००८ ला 'लार्क राइज टू कँडलफर्ड'च्या पहिल्या सीझनमध्ये झिला. २००९ ला एमबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला आणि त्याच वर्षी लागोपाठ स्ट्रोक आल्याने ८७ व्या वर्षी तिने काम थांबवलं. २४ डिसेंबर २०१६ ला गेली, ९५ वर्षांची होऊन. जिने नाना लिहिली ती कॅरोलाइन अहर्न त्याच वर्षी जुलैमध्ये गेली होती, अवघ्या ५२ व्या वर्षी.

तिचं काम बघायचं असेल तर माझा सल्ला, आधी 'हार्ड लेबर' बघा, जुनी टीव्ही फिल्म आहे, रंग उडालेले, संथ, पंधरा मिनिटं कंटाळा येईल तो येऊ द्या. मग 'अ प्रायव्हेट फंक्शन'. मग 'रॉयल फॅमिली'चे पहिले दोन सीझन तरी, घाई न करता, आणि त्यानंतरच 'क्वीन ऑफ शेबा'. काही जण यूट्यूबवर थेट शेवटच्या भागाची क्लिप बघून रडून मोकळे होतात, त्यांना नाना किती डोकं खाते हेच माहीत नसतं.